जित्या माणसाच्या मापाची पेटी

आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरं नाताळचा अंक काढतात. तुमच्या धंद्याबद्दल लिहा म्हणून ती मागं लागली. मी म्हणालो, अंक येशूच्या जन्माचा आणि माझा धंदा मेलेल्या माणसांचा, माझं तिथं काय काम? तर म्हणाली, काका, गमतीचं लिहा. बरं, लिहितो. माझी बायको रूथ गेल्या पावसाळ्यात वारली. घरात आता बोलायला भिंती आहेत, त्यामुळं वेळ भरपूर आहे. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ ती बघायची. आता जे पडेल ते पडेल, पोरांनी निस्तरावं.

मी सुतार. सांगलीत माझं दुकान होतं. चौकटी, पाळणे, आमच्या देवळातले, म्हणजे चर्चमधले बाक, सगळं केलं, पण नाव झालं ते पेट्यांमुळं. आम्ही ख्रिस्ती लोक माणूस गेला की त्याला पेटीत घालून माती देतो. आता पेट्या तयार मिळतात, आत मऊ कापड, वर पितळेच्या कड्या. त्या वेळी तसलं काही नव्हतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी कुणीतरी दारात येऊन उभा राहायचा, टोपी हातात. मी समजायचो. जास्त विचारत नव्हतो. सुतळी घ्यायची, त्याच्या मागं चालू लागायचं.

लोकांना वाटतं पेटीला उंची महत्त्वाची. उंचीचं काही नसतं, थोडी फळी वाढवली की झालं. खरं माप खांद्याचं. आमची पेटी खांद्याला सगळ्यात रुंद आणि पायाकडं निमुळती. आणि वरून रुंद, तळाला अरुंद, म्हणजे माणूस अलगद आत बसतो. हे नीट ध्यानात ठेवा, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही.

लाकूड ऐपतीप्रमाणं. ज्याची ऐपत त्याला सागवान, नाहीतर आंबा, आणि अगदीच गरीब असला तर तासगावच्या द्राक्षवाल्यांची खोकी उचकटून त्यांच्या फळ्या. एकदा एका म्हातारीची पेटी अशी केली आणि घाईत एका फळीला रंधा मारायचा राहिला. खड्ड्यापाशी पेटी ठेवली तर बाजूला इंग्रजी अक्षरं. पाळकसाहेबांनी हळूच वाचून सांगितलं, नाजूक माल आहे, सांभाळून उचला. मी मान खाली घातली. म्हातारीचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "खरं हाय. लय नाजूक व्हती." आणि त्यानं ती अक्षरं पुसू दिली नाहीत.

औंधाकडचा एक पेन्शनर होता. बायकोची पेटी न्यायला आला आणि मला म्हणाला, झाकणाला जाळीची खिडकी बसव. मी म्हटलं कशाला? तर म्हणाला, जित्तेपणी तिला कोंदट जागा सोसत नव्हती. मी मच्छरदाणीची जाळी ठोकून दिली. वखारवाले रशीदभाई माझ्याकडं बघून डोकं हलवायचे. म्हणायचे, आम्ही नुसत्या कापडात माती देतो आणि तुम्ही चांगलं सागवान गाडता, वर लाकूड महाग झालं म्हणून माझ्याशीच भांडता. पण पेटीसाठी म्हटलं की फळी ते स्वतः निवडून द्यायचे, गाठ नसलेली.

मला धंदा शिकवला माझ्या वडिलांनी, त्यांचा एक नियम होता. जित्या माणसाचं माप घ्यायचं नाही. मी तो जन्मभर पाळला, एकदाच सोडून. तीच गोष्ट सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. सुकडी खाण्याचे दिवस संपले होते आणि लोकांच्या अंगात परत भांडायची ताकद आली होती. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं बाहेरून कुणी एक शिक्षक बायबल शिकवायला आले. त्यांनी फळ्यावर दोन नावं लिहिली. कॅल्विन आणि आर्मिनियस. कॅल्विनसाहेबांचं म्हणणं, कुणाचं तारण होणार, म्हणजे कोण स्वर्गात जाणार, हे देवानं जग करायच्या आधीच ठरवलंय. ज्याला निवडलं तो निवडला, तो हरवत नाही. आर्मिनियसवाल्यांचं म्हणणं, देव सगळ्यांना बोलावतो, हो म्हणायचं की नाही हे माणसाच्या हातात, आणि हो म्हणून आलेला परत निसटूही शकतो. एवढं शिकवून ते शिक्षक सुटकेस घेऊन मिरजेहून गाडीत बसले. आग लावून माणूस निघून जातो तसे गेले. मला बरेच दिवस वाटत होतं की हे दोघं पुण्याचे कुणी साहेब असावेत आणि त्यांची बदली झाली की वाद मिटेल. ते मरून शेकडो वर्षं झाली हे कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं, त्यांना पेटी कुठल्या लाकडाची केली असेल.

कॅल्विनसाहेबांची बाजू धरली हवालदारांनी. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. पलटणीतून रिटायर झालेले, मंडळीचे पंच, बायको नाही. आर्मिनियसची बाजू धरली माझ्या सासऱ्यांनी. ते मूळचे साताऱ्याचे, एसटीत कंडक्टर होते, म्हणून सगळे त्यांना कंडक्टरच म्हणायचे. म्हणजे हे दोघं मेव्हणे. एकाची बहीण ती दुसऱ्याची बायको, म्हणजे माझ्या सासूबाई, ताराबाई.

हवालदार समजावून सांगायचे ते सगळं पलटणीतलं. पोस्टिंगची ऑर्डर वरून येते, शिपायाला कुणी विचारतं का, बाबा तुला कुठं जायचंय? आणि देवाच्या पलटणीत भरती झालेला पळून जाऊ शकत नाही, कारण पकडून आणणारा तोच. कंडक्टर म्हणायचे, आमच्या गाडीला पलटणीचा कायदा नाही. गाडी दारात आलीय, तिकीट दुसऱ्यानं काढलंय, पण पायरीवर पाय तुझा तुलाच ठेवावा लागंल. आणि मधल्या स्टॉपवर उतरलास तर शेवटचं लोणंद येणार नाही. यावर हवालदार म्हणायचे, ज्या गाडीतून कुणीही कधीही उतरतंय ती गाडी नव्हं, ती पायरी.

उपासनेत कंडक्टरना प्रार्थना चालवायला दिली की शेवटी ते डोळे मिटून म्हणायचे, "ज्याला यायचं हाय त्यानं हात वर करावा." आमच्या मंडळीत सगळे जन्मापासून आलेलेच, त्यामुळं कुणी हात वर करायचं नाही. एकदा एका बाईनं केला तर ती पंखा बंद करा म्हणत होती.

एका सकाळी हवालदार दुकानात आले आणि ताठ उभे राहिले. म्हणाले, "शमू, माप घे." मला वाटलं दाराचं. म्हणाले, "माझं." मी वडिलांचा नियम सांगितला. तर म्हणाले, देवानं माझा दिवस ठरवलाय, जागा ठरवलीय, मग पेटी करून ठेवली तर त्यात भ्यायचं काय? भितोय तो ज्याला खात्री न्हाई. रूथ आतून म्हणाली, घ्या माप, मामा ऐकायचे नाहीत. मी सुतळी लावली. त्या वेळी माणूस वेताच्या काठीसारखा होता. जुन्या वाड्याच्या दाराचं सागवान मिळालं होतं, त्यातनं पेटी केली. खोटं कशाला सांगू, तशी पेटी मी परत केली नाही. कोपऱ्यात नख शिरायचं नाही.

कंडक्टर बघायला आले. पेटीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "देवानं ठरवलंय तर मोजायला सुतार कशाला लागला?" हवालदारांनी पेटी घरी नेली आणि तिच्यात बेदाणा भरून ठेवला, कारण तासगावला त्यांचा थोडा द्राक्षाचा तुकडा होता आणि त्या पेटीत उंदीर शिरत नव्हता.

पुढं वर्षं गेली. वाद वाढला. आधी गमतीचा होता, मग देवळात मंडळी दोन बाजूंना बसायला लागली. कॅल्विनवाले खिडकीकडं, आर्मिनियसवाले दाराकडं. कुणाची शेळी हरवली तर खिडकीकडचे म्हणायचे, यायची असंल तर येईल. दाराकडचे शोधायला जायचे. शेळी सापडली की दोन्हीकडं जय. नवीन पाळकसाहेब तरुण होते, लग्न व्हायचं होतं, ते उपदेश करताना मधल्या वाटेकडं बघून बोलायचे. तिथं कुणीच बसलेलं नसायचं.

आणि मग एका वर्षी नाताळच्या तोंडावर खिडकीकडच्यांनी ठराव आणला. दफनभूमीत मधोमध भिंत घालावी. त्यांचं म्हणणं, जिवंतपणी वेगळे बसतो तर मेल्यावर एका ओळीत कशाला? दाराकडचे पण म्हणाले, घालाच. नाताळच्या आधीच्या रविवारी सभा ठरली. भिंतीला एक फाटक लागणार होतं, ते मी करायचं असंही ठरून गेलं. मला कुणी विचारलं नाही.

सासूबाई त्या दिवशी आमच्या घरी आल्या. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या आणि रूथला म्हणाल्या, "मी मेल्यावर मला कुठल्या अंगाला पुरणार गं?"

हा प्रश्न आमच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांच्या आईबापांची माती खिडकीकडच्यांच्या अंगाला, भाऊही खिडकीकडचा. नवरा दाराकडचा. बाईनं दोन्हीकडं भाकऱ्या थापल्या होत्या. हवालदार एकटे म्हणून रोजचं त्यांचं जेवण पण बहिणीकडंच असायचं. आता मेल्यावर एकाला सोडून दुसऱ्याशेजारी जायचं होतं, आणि मधे विटांची भिंत. रूथ लसूण सोलत होती, ती सोलतच राहिली. पण मला तिचा चेहरा माहीत होता. आपली आई मेल्यावर कुठं निजणार ही गोष्ट तिला लागली होती.

सासूबाई परत घरी गेल्याच नाहीत. म्हणाल्या, दोघांनी ठरवेपर्यंत मी चूल पेटवत नाही. झालं असं, की कंडक्टरना चहा सुद्धा येत नव्हता आणि हवालदारांना फक्त पलटणीचा, तो पण बादलीभर. त्यामुळं दोघंही जेवायला आमच्याकडं यायला लागले. एकाच पंगतीत, एकमेकांकडं पाठ करून. मीठ पाहिजे असलं तर मला सांगायचे, मी हातभर अंतरावरून ते फिरवायचो. सासूबाई वाढत नव्हत्या. त्या दारात बसून बघायच्या.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना हवालदार म्हणाले, उद्या मी माझी पेटी मंडळीसमोर नेणार. ज्याला आपल्या जागेची खात्री हाय तो कसा असतो ते लोकांना दिसू दे. कंडक्टरनी पाठ केलेलीच होती, ती आणखी केली.

रूथ त्यांना भाकरी वाढत होती. म्हणाली, "मामा, लोकांसमोर न्यायच्या आधी एकदा आत निजून तरी बघा. लय वर्षं झाली."

तिनं हे मुद्दाम म्हटलं का, हे मी तिला नंतर किती वेळा विचारलं असेल. ती हसायची आणि भाजी निवडायला घ्यायची. शेवटपर्यंत सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर आम्ही हवालदारांच्या घरी गेलो, मी आणि रूथ. पेटीतला बेदाणा काढला, आत पुसली. हवालदारांनी सदरा सारखा केला, बूट काढले आणि सावधान करतात तसे हात अंगाशी लावून आत उतरले. आता सांगतो. बहिणीच्या हातचं इतकी वर्षं जेवल्यावर वेताची काठी राहिली नव्हती. पोट सुटून मधून चांगली धान्याची ढोली झाली होती. पेटी वरून रुंद आणि तळाला अरुंद. माणूस जसजसा टेकत गेला तसतसा पाचरीसारखा बसत गेला. शेवटी टक् असा आवाज आला आणि ते थांबले.

म्हणाले, "बघ. बरोबर बसतोय."

मी म्हटलं, "उठा आता."

पेटी नुसती करकरली. मग म्हणाले, "शमू, हात दे."

"तुमचा हात कुठं हाय?"

"हितंच हाय खाली. हलंना."

मी खांद्याला धरून ओढलं. पेटी उचलली गेली, मामा आहे तिथंच. माझं काम मला माहीत होतं. बाजूची एक फळी कापली की माणूस मोकळा, नंतर स्क्रू मारून देता येतं. मी कोपऱ्यातली त्यांची करवत उचलली तर हवालदार आतून गरजले, "करवत लावायची न्हाई. ही पेटी ठरलेली हाय." मी म्हटलं मग काय करू? म्हणाले, ठरलं असंल तर मी निघंन.

रूथ म्हणाली, आपल्या घरी आईजवळ गोडं तेल आहे, नाताळच्या करंज्यांना आणलेलं, ते आणते. ती आईला घेऊन आली आणि आईच्या मागनं बापही आला. कंडक्टरनी दारातून बघितलं. पेटीच्या पायाकडं स्टूल ओढलं, बसले, खिशातनं सुपारी काढली.

"काय मेव्हणं, पोचलात?"

"दाजी, चेष्टा नगं."

"चेष्टा कसली. तुमीच म्हंता, एकदा आत घेतलेला बाहीर पडत न्हाई. आज पटलं मला."

हवालदार छताकडं बघत राहिले. दुसरीकडं बघायची सोयच नव्हती. कंडक्टरनी सुपारी चघळली, डोळे मिटले आणि उपासनेतल्या आवाजात म्हणाले, "ज्याला बाहीर यायचं हाय त्यानं हात वर करावा."

मला हसू आवरेना. मी करवतीचे दात बघायचं नाटक करत भिंतीकडं तोंड केलं.

सासूबाईंनी तेलाचा डबा आणला होता. पेटीशेजारी झाकण जमिनीवर ठेवलेलं होतं, त्यावर त्या बसल्या. डबा मांडीवर घेतला. म्हणाल्या, "तेल हाय. पण आदी सांगा. भिंत झाल्यावर मला कुठल्या अंगाला पुरणार?"

"आमच्या," हवालदार आतून म्हणाले. "आईच्या शेजारी."

"वा रं वा," कंडक्टर म्हणाले. "बायको माझी. माझ्या शेजारी."

सासूबाईंनी डब्याचं बूच परत बसवलं. "शमू, निम्मी हिकडं आन निम्मी तिकडं, अशी पेटी हुती का रं?"

मी म्हटलं, आई, तशी होत नाही.

"मग बसा दोघं," त्या म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

कोण किती वेळ बसलं ते मी मोजलं नाही. हवालदारांनी दमून डोळे मिटले होते. कंडक्टर मान खाली घालून खाली पडलेलं सुपारीचं दुसरं खांड शोधत होते. रूथ डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकली होती आणि मी करवत घेऊन उभा. आणि नेमके त्याच वेळी पाळकसाहेब आले. उद्याच्या सभेला सतरंजी कशी घालायची एवढंच त्यांना विचारायचं होतं. दारात त्यांनी हे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. टोपी काढली, दोन पावलं आत आले आणि प्रार्थना सुरू केली.

आता आमच्यात एकदा प्रार्थना सुरू झाली की मधे बोलायचं नाही. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांनी हवालदारांची लय स्तुती केली. त्यांचं धैर्य, त्यांची शिस्त, देवळाच्या खिडक्यांना त्यांनी दिलेला रंग. मी एक डोळा उघडून बघितलं तर हवालदार आत पडून शांतपणे ऐकत होते, चेहऱ्यावर समाधान. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, हे प्रभू, तुझ्या या सेवकाचे सगळे वाद आता मिटले.

"मिटलं न्हाईत," हवालदार म्हणाले.

पाळकसाहेब मटकन खाली बसले. रूथनं त्यांना पाणी दिलं.

सासूबाई हलल्या नव्हत्या. त्या पाळकसाहेबांशी नाही, त्या दोघांशीच बोलल्या. आवाज चढवला नाही. "ह्यानं मला कडंवर घिऊन वाढवलं. ह्यांनी मला जन्मभर संभाळलं. वर गेल्यावर देव मला कुठं बशिवणार ते त्याचं त्यो बघंल. पर हितं खाली, मातीत, मला मधी भिंत नगं."

कंडक्टरनी सुपारी थुंकली. म्हणाले, "नगं भिंत. मी उद्या हात वर करणार न्हाई."

हवालदार म्हणाले, "तारे, जे ठरलं असंल ते..."

"दादा," सासूबाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. तू सांग."

माणूस छताकडं बघत होता. कानापर्यंत लाल झाला होता. शेवटी म्हणाला, "नगं."

बूच निघालं. तेल ओतलं. मी आणि कंडक्टरनी काखेत हात घातले, पाळकसाहेबांनी पेटी पायाकडून धरली. कंडक्टर म्हणाले, "श्वास सोडा. प्वॉट आत घ्या. आणखी घ्या." हवालदारांनी घेतलं. आम्ही ओढलं. मामा असे निघाले, की तिघंही मागं पडलो आणि बेदाण्याच्या ढिगात बसलो.

सगळं इथं संपायला पाहिजे होतं. पण हवालदार उठून बसले, अंगाला तेल, दाढीला बेदाणा, आणि म्हणाले, "बघा. मी काय केलं? मी नुसता पडून व्हतो. बाहेरच्यानं वढून काढलं. ह्यालाच कृपा म्हंतात."

"आन प्वॉट कुणी आत घेतलं?" कंडक्टर म्हणाले. "तुमी घेतलं नसतं तर बैलजोडी लावून बी निघाला नसता."

दुसऱ्या दिवशीची सभा. भिंतीचा ठराव एका वाक्यात मागं घेतला. पुढचा सगळा वेळ, हवालदार पेटीतून निघाले ते ओढल्यामुळं का पोट आत घेतल्यामुळं, यावर गेला. खिडकीकडचे ओढण्याच्या बाजूनं, दाराकडचे पोटाच्या. मला साक्षीला उभं केलं. मी म्हणालो, मला कळतंय ते एवढंच, तेल नसतं तर दोघांचंही काही चाललं नसतं, आणि डबा माझ्या सासूबाईंकडं होता. बायका हसल्या. पुरुष मंडळींना माझं म्हणणं पटलं नाही. तो प्रश्न आमच्या मंडळीत कधीच सुटला नाही, पण भिंतीचं नाव परत कुणी काढलं नाही.

पुढं कंडक्टर आधी गेले. मग हवालदार. शेवटच्या आजारात इतके वाळले, की त्यांच्या त्या पेटीत ते सैल पडत होते. मला दोन्ही बाजूंना कापूस भरावा लागला. हसायला कंडक्टर नव्हते. दोघांच्या मधे जागा सोडून ठेवली होती, तिथं सासूबाईंना ठेवलं. त्या वेळी असं जागा धरून ठेवता यायचं.

आता येत नाही. नवीन समिती झालीय, नवीन नियम झालेत. जो जाईल तो ओळीत पुढच्या खड्ड्यात. माझी रूथ गेली तेव्हा तिची पेटी मीच केली. त्याबद्दल इथं लिहीत नाही. माती झाल्यावर मी पाळकसाहेबांना म्हणालो, तिच्या शेजारची जागा मला पाहिजे. हे आताचे पाळक चांगले आहेत, शिकलेले. म्हणाले, काका, नियम सगळ्यांना सारखा. मागं उभी असलेली दोन पोरं लगेच सुरू झाली. एक म्हणाला, जागा काय, सगळंच ठरलेलं असतं. दुसरा म्हणाला, असं कसं, माणसाची इच्छा म्हणून काही आहे का नाही? आणि तिथंच, ओल्या मातीशेजारी, त्यांची जुंपली. मोबाईल काढून एकमेकांना काही काही दाखवायला लागले. मी त्यांना म्हणालो, जरा लांब जाऊन भांडा, ती आत्ताच निजलीय.

मग मी घरी आलो आणि रशीदभाईंच्या नातवाच्या वखारीतून सागवान आणलं. बाक केला. लोक भेटायला येतात, म्हातारी माणसं दमतात, त्यांना बसायला, असं समितीला सांगितलं. समितीनं आभार मानले. बाक रूथच्या शेजारी ठेवलाय, अगदी लागून, बरोबर पुढच्या खड्ड्याच्या जागेवर. पाय जमिनीत रोवलेत. मी रविवारी उपासना झाली की तिथं बसतो. कुणी गेलं की समितीची माणसं येतात, बाकाकडं बघतात, आणि त्याला ओलांडून पलीकडं खड्डा घेतात. तो हलवायचा तर चार माणसं एकदम उचलायला पाहिजेत, आणि आमच्या मंडळीत एका मताची चार माणसं अजून मिळालेली नाहीत.